मुक्काम किती उंचीवर, ते आधी बघा

दिवाळीच्या सुट्टीत हिमालयात निघणारी मंडळी आता सेलू-मानवतकडेही दिसू लागली आहेत. मी शिक्षिका, सुट्टी हाताशी असलेली, दोन्ही वाटा चालून आलेली. त्यामुळे त्यातले बरेच जण मला विचारतात, एव्हरेस्ट बेस कॅम्पला जावं की अन्नपूर्णा बेस कॅम्पला? अन्नपूर्णा मी आधी केला, एव्हरेस्ट त्यानंतर. एव्हरेस्टच्या वाटेवर माझे थोरले चुलतभाऊ अण्णा थोडक्यात वाचले. म्हणून या प्रश्नाचं उत्तर मी एका वाक्यात देत नाही.

परभणी समुद्रसपाटीपासून साडेतीनशे-चारशे मीटरवर. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटरच. अन्नपूर्णा बेस कॅम्प ४,१३० मीटरवर आहे आणि एव्हरेस्टचा ५,३६४ मीटरवर. लोक हे दोन आकडे शेजारी ठेवतात आणि म्हणतात, बाराशे मीटरचाच तर फरक, जायचंच तर मोठ्याला जाऊ. पण शरीराला त्रास होतो तो आपण किती उंचीवर झोपतो त्याचा. अन्नपूर्णेच्या वाटेवर छोमरोंग २,१७० मीटरवर, देउराली ३,२०० मीटरवर. खऱ्या उंचीवरच्या रात्री दोन-तीनच, आणि बेस कॅम्प पाहून निघालं की त्याच दिवशी बांबूपर्यंत, म्हणजे २,३०० मीटरपर्यंत खाली येता येतं. एव्हरेस्टच्या वाटेवर नामचे बाजारलाच ३,४४० मीटर होतात. तिथून पुढे आठवडाभर आपण त्याच्या वरच असतो. दिंगबोचे ४,४१०, लोबुचे ४,९४०, गोरकशेप ५,१६४. बेस कॅम्पवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच.

अण्णा शेतकरी. पन्नाशी ओलांडलेले, पण बांधावरून दिवसभर फिरतील असे. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी परभणी-गंगाखेडवरून जाते, तिच्यासोबत ते अनेकदा पायी गेलेले. अन्नपूर्णेचं खोरं स्थानिक लोक पवित्र मानतात, छोमरोंगच्या वर मांस नेत नाहीत, हे सांगितल्यावर त्यांच्यासारख्या माळकऱ्याला बरं वाटलं होतं. तरी गावात सांगायला एव्हरेस्टचं नाव मोठं. शेवटी तेच ठरलं.

ज्या आयोजकांबरोबर आम्ही गेलो, त्यांनी आमच्या सुट्टीत बसावा म्हणून कार्यक्रम आखडला होता. नामचेला एक दिवस थांबलो, दिंगबोचेचा थांबा मात्र काढून टाकलेला. दिंगबोचेला संध्याकाळी अण्णांचं डोकं धरलं. जेवणावर वासना नव्हती. विचारलं तर म्हणाले, "अगं, चालून शीण आलाय, झोपलो की उतरंल." दुसऱ्या दिवशी सगळे निघाले तसे तेही निघाले. लोबुचेला पोचेपर्यंत त्यांचं बोलणं जड झालं होतं. बुटाची नाडी बांधता येईना. उभे राहिले की पाय एका बाजूला जायचे, दारू प्यालेल्या माणसासारखे. आयुष्यात थेंबाला न शिवलेला माणूस!

आमचा वाटाड्या नेपाळी, वयानं लहान, पण त्यानं क्षण घालवला नाही. अण्णांना जमिनीवरच्या एका फळीच्या कडेनं, टाचेला पंजा लावून चालायला सांगितलं. दोन पावलांतच तोल गेला. मेंदूला सूज येत असल्याची ही खूण. सकाळपर्यंत थांबू, असं गटातले काही जण म्हणाले. त्यानं ऐकलं नाही. घोडा मिळवला आणि अंधार पडत असताना आम्ही अण्णांना घेऊन खाली निघालो. थुक्ल्याच्या चढावर डोंगरात गेलेल्या गिर्यारोहकांची स्मारकं आहेत. त्या दगडांमधून आपल्या माणसाला धरून उतरताना माझ्या तोंडात पाणी नव्हतं. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं उपचार केंद्र आहे, १९७३ पासूनचं, मोसमात तिथे डॉक्टर असतात. प्राणवायू मिळाला, सूज उतरवणारं औषध मिळालं. दुसऱ्या दिवशी आणखी खाली आणलं तेव्हा अण्णांनी स्वतःहून चहा मागितला.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते परभणीत कुणी सांगितलं नव्हतं. माणूस किती काटक आहे, याचा उंचीच्या आजाराशी संबंध नाही. उलट काटक माणूस जास्त वेगानं चढतो आणि दुखणं अंगावर काढतो. वर डोकं दुखायला लागलं आणि सोबत मळमळ, थकवा, चक्कर असं काही असलं, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजायचा आणि एक पाऊलही वर जायचं नाही. तोल गेला, किंवा बसल्या जागी धाप लागायला लागली, तर रात्र असो की बर्फ, खाली उतरायचं. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरहून जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं. डायमॉक्सची गोळी उपयोगी आहे, पण ती घरून निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय हातही लावू नये.

आता अन्नपूर्णा सोपा आहे, असं कुणी समजू नये. त्या वाटेला दगडी पायऱ्या आहेत, हजारोंनी. छोमरोंगहून ओढ्यापर्यंत उतरायचं आणि लगेच सिनुवाकडे चढायचं, येताना तेच उलटं. गुडघे कुरकुरणाऱ्याला ही वाट एव्हरेस्टच्या वाटेपेक्षा जास्त रडवते. शिवाय देउरालीहून एका दिवसात बेस कॅम्प गाठला तर ९३० मीटर चढ होतो, म्हणून मधे माछापुच्छ्रे बेस कॅम्पला, ३,७०० मीटरवर एक रात्र काढावी. मार्च-एप्रिलमध्ये देउरालीच्या वरच्या घळीत हिमकडे कोसळतात; तो पट्टा सकाळी लवकर पार करायचा, तिथे फोटोसाठी थांबायचं नाही.

ऑक्टोबरचंही तसंच. बंगालच्या उपसागरात वादळ उठलं की इकडे काढून ठेवलेलं सोयाबीन भिजतं, हे आपल्याला माहीत आहे. तेच वादळ हिमालयात बर्फ होऊन पडतं. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये हुदहुद वादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि दोन दिवसांनी अन्नपूर्णा परिसरातल्या थोरोंग खिंडीकडे हिमवादळात चाळीसहून अधिक माणसं गेली. निघण्याआधी उपसागराकडे लक्ष ठेवा.

तयारीसाठी आपल्याकडे डोंगर नाहीत, ही अडचण खरी. कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर सपाट चालून दम वाढतो, मांड्या तयार होत नाहीत. पाठीवर पाच-सात किलोची पिशवी घेऊन जिने चढा, आणि मुख्य म्हणजे उतरा. जमेल तेव्हा जिंतूरची नेमगिरी चढा, आणि जाण्याआधी एकदा कळसूबाई किंवा हरिश्चंद्रगड करा.

सुट्टीचा हिशेबही वेगवेगळा. अन्नपूर्णेला गोरखपूर-सुनौलीवरून पोखऱ्यापर्यंत रस्त्यानं जाता येतं. एव्हरेस्टला लुक्लाचं विमान लागतं. गर्दीच्या मोसमात ते बऱ्याचदा काठमांडूऐवजी चार-पाच तासांवरच्या रामेछापहून सुटतं आणि ढग आले की रद्द होतं. परतीचं सचखंड एक्सप्रेसचं आरक्षण त्याच्या दुसऱ्याच दिवशीचं काढलं, तर थांब्याचा दिवस कापण्याचा मोह तिथूनच सुरू होतो.

छत्रपती संभाजीनगरच्या मनीषा वाघमारे २०१७ मध्ये एव्हरेस्टचं शिखर थोडक्यात राहिलं असताना खराब हवामानामुळे मागे फिरल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा जाऊन माथ्यावर उभ्या राहिल्या. बेस कॅम्पला जाणाऱ्यांना मागे फिरायला कसली लाज?

तेव्हा पहिल्यांदाच जात असाल आणि गुडघे धड असतील, तर अन्नपूर्णा करा. एव्हरेस्टला जायचं तर लुक्ला ते लुक्ला किमान बारा दिवस हातात ठेवा. नामचे आणि दिंगबोचे दोन्हीकडचे थांबे कार्यक्रमात लिहिलेले नसतील, तर त्या आयोजकाला पैसे भरू नका.