हातांनी चालणारे चाक

नामपल्लीचे मेट्रो स्थानक २०१८ साली सुरू झाले. तेथील लिफ्ट चाकांच्या खुर्चीला फलाटापर्यंत सहज नेते. परंतु स्थानकातून बाहेर पडल्यावर शाळा, बाजार वा नुमाइशचे मैदान गाठण्याचे काम खुर्चीत बसलेल्या माणसाच्या बाहूंनाच करावे लागते. हे बाहू दीर्घकाळ कसे टिकावेत, याचा आम्ही येथे विचार करणार आहोत.

खांद्याचा सांधा हात चहूकडे फिरावा यासाठी घडलेला आहे. दिवसभर शरीराचा भार पुढे रेटण्यासाठी नव्हे. म्हणूनच वर्षानुवर्षे खुर्ची चालविणाऱ्या पुष्कळांचे खांदे व मनगटे दुखू लागतात. पायांमागून हातही थकले, तर स्वावलंबनच हरपते.

सुदैवाने खुर्ची चालविणे ही शिकण्याजोगी विद्या आहे. १९६५च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्यातील जवान मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे पोहण्यात सुवर्णपदक मिळविले, हे सर्वश्रुत आहे. त्याच स्पर्धेत ते अडथळ्यांच्या वाटेने खुर्ची चालविण्याच्या शर्यतीतही उतरले होते.

आता थोडे गणित पाहू. एका रेट्यात खुर्ची १ मीटर गेली, तर १ किलोमीटरला १००० रेटे लागतील. सव्वा मीटर गेली, तर ८००. मात्र त्यासाठी हिसका देणे घातक होय. अमेरिकेतील अपंग माजी सैनिकांच्या संस्थेने २००५ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे की, रेटे थोडे, लांब व संथ असावेत. आणि रेटा संपताच हात चाकाच्या कड्याखाली सैल सोडून मागे आणावा.

परंतु आपला हात कसा चालतो, हे आपल्याला नीट उमगत नाही. येथे संवेदक, म्हणजेच सेन्सर, उपयोगी पडतात. कड्याला जोडलेले संवेदक हाताचा जोर, रेट्यांची संख्या आणि हात कड्यावर किती अंशांपर्यंत टिकला, हे मोजतात. प्रशिक्षक ते आकडे दाखवून सुधारणा सुचवितो. यंत्र दोष दाखविते. सवय मात्र मार्गदर्शन व सराव यांनीच बदलते.

असे यंत्र नसले, तरी खडूने १० मीटर अंतर आखून रेटे मोजता येतात. खुर्चीतील मित्राची इच्छा असेल, तर विद्यार्थ्यांनी ही मोजणी जरूर करावी. पण त्याला न विचारता त्याची खुर्ची कधीही ढकलू नये.