गुप्तरोगांची मोजदाद : एक धडा

ताप किंवा कावीळ झालेला रुग्ण उघडपणे दवाखान्यात येतो. गुप्तरोगाचा रुग्ण मात्र लाजेपोटी आजार लपवितो. पुष्कळदा त्याला लक्षणेही जाणवत नाहीत. त्यामुळे आलेल्या रुग्णांची नोंद ठेवून या रोगांचा खरा प्रसार कळत नाही. तो जाणून घेण्यासाठी पद्धतशीर सर्वेक्षण करावे लागते.

आपल्या देशात एच.आय.व्ही.ची पहिली नोंद १९८६ साली मद्रास येथे झाली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली आणि १९९८ पासून निवडक केंद्रांवर नियमित सर्वेक्षण सुरू झाले. गर्भवतींचे रक्त उपदंशाच्या, म्हणजे सिफिलिसच्या तपासणीसाठी घेतले जाई. उरलेल्या नमुन्यावरील ओळख काढून टाकून मगच त्याची एच.आय.व्ही.साठी तपासणी होई.

अशा आकड्यांवरून २००५ साली देशात सुमारे ५२ लाख बाधित असल्याचा अंदाज करण्यात आला होता. २००७ मध्ये तो सुमारे २५ लाखांवर आला. रोग निम्म्याने ओसरला नव्हता. मोजणी सुधारली होती. पूर्वीची केंद्रे प्रामुख्याने सरकारी रुग्णालयांत होती आणि तेथे येणाऱ्यांवरून साऱ्या समाजाचा हिशेब मांडला गेला होता. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र घरोघरी जाऊन १ लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांचे रक्त तपासले गेले. त्यात बाधितांचे प्रमाण ०.२८ टक्के आढळले. दरम्यान सर्वेक्षण केंद्रांची संख्याही वाढविण्यात आली होती.

हिशेबतपासनीस जाणतो की, चाचणीसाठी निवडलेली पावती एकाच कपाटातील असेल, तर साऱ्या वहीविषयी मत देता येत नाही. येथेही तेच घडले. औषधे व तपासणी साहित्य कोठे किती पाठवावयाचे हे या आकड्यांवरूनच ठरते. म्हणून चूक मान्य करून दुरुस्त करणे ही मोठी लोकसेवाच होती.

या आकड्यांमागे माणसे आहेत. गर्भवतीचा उपदंश लक्षात न आल्यास मूल मृत जन्मू शकते किंवा रोग घेऊन जन्मते. वेळीच निदान झाल्यास पेनिसिलीनच्या इंजेक्शनने माता व बालक दोघांचेही रक्षण होते. यासाठी प्रत्येक गर्भवतीने पहिल्याच भेटीत रक्ततपासणी करून घ्यावी आणि कुटुंबीयांनी त्यात संकोच मानू नये.

रुग्णालयावरही एक जबाबदारी येते. एका रुग्णाचे नाव बाहेर फुटले, तर पुढचे दहाजण तपासणीस येणार नाहीत आणि आपली नोंदवही नीटनेटकी असूनही खोटी ठरेल. देणगीदारांच्या साहाय्यातून चालणाऱ्या प्रयोगशाळेइतकेच रुग्णाचे हे गुपित जपणे महत्त्वाचे आहे, हे आपण सर्वांनी ध्यानी ठेवावे, ही विनंती.