विमान ठणठणीत आहे, चालवणाऱ्याचे काय?

आरोग्याच्या सदरात विमान कुठून आले, असे वाचकांना वाटेल. पण बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी विमान चालवायला शिकणारी मुले आता आपल्यासारख्या गावांतूनही जातात. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, स्वतःचे दोन-चार आसनांचे विमान बाळगणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. त्यांतले काही मराठीही आहेत. अशा मुलांचे पालक दवाखान्यात येतात तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतात, "डॉक्टर, लहान विमान सुरक्षित असते का हो?" त्याचे उत्तर निम्मे यंत्राशी आणि निम्मे शरीराशी निगडित आहे. यंत्राचे मेकॅनिक पाहील. शरीराबद्दल मी सांगतो.

लहान विमानाचा मालक उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारतो. टाकीतले थोडे इंधन काचेच्या भांड्यात काढून त्यात पाणी तर नाही ना, हे पाहतो. तेल, चाके, पंखांचे बिजागर तपासतो. ही शिस्त उत्तमच. पण तेवढ्याच बारकाईने तो स्वतःकडे पाहतो का? प्रवासी विमानात शेजारी दुसरा वैमानिक असतो आणि पाठीशी कंपनी असते. स्वतःच्या विमानात मालक एकटाच. 'आज तू जाऊ नकोस' असे त्याला सांगणारे बहुधा कोणी नसते. खासगी परवान्यासाठी वैद्यकीय दाखला लागतो हे खरे, पण तपासणीच्या दिवशी प्रकृती ठीक होती, एवढेच तो दाखला सांगतो. आजचे काय?

सर्दी आणि कान

कानाचा पडदा आणि घसा यांच्यामध्ये एक बारीक नळी असते. विमान वर जाताना कानातली हवा तिच्यातून सहज बाहेर पडते. खाली उतरताना मात्र हवा आत शिरावी लागते, आणि सर्दीने नळी सुजली असेल तर ती शिरत नाही. पडदा आत ओढला जातो, असह्य कळ येते, चक्करही येते, आणि हे सगळे नेमके विमान उतरवण्याच्या नाजूक वेळी! आवंढा गिळावा, जांभई द्यावी, नाक चिमटीत धरून तोंड मिटून हलकेच हवा सोडावी. जोर लावू नये. याहून सोपा उपाय म्हणजे सर्दी असताना उडूच नये.

उंचीवरची विरळ हवा

प्रवासी विमानात हवेचा दाब राखलेला असतो. बहुतेक लहान विमानांत तशी सोय नसते. आपले कळसूबाई सुमारे ५,४०० फूट. त्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे १०,००० फुटांवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्केच उरतो. प्राणवायू कमी पडला की दुखत-खुपत काही नाही, उलट कित्येकांना मजेत असल्यासारखे वाटते. विचार मंदावतो आणि तो मंदावल्याचे कळत नाही, हाच खरा धोका. रात्रीची दृष्टी तर ५,००० फुटांपासूनच थोडी कमी होऊ लागते. धूम्रपान करणाऱ्याला हा त्रास आणखी लवकर होतो.

अंधारात कान फसवतात

आपला तोल डोळे आणि अंतर्कर्ण मिळून सांभाळतात. अंतर्कर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. विमान अगदी सावकाश कलले तर त्या द्रवाला पत्ताही लागत नाही. डोळ्यांना क्षितिज दिसत असेल तर चूक सुधारते. ढगात, धुक्यात किंवा अंधाऱ्या समुद्रावर क्षितिजच नसते. मग विमान गिरकी घेत खाली जात असतानाही माणसाला ते सरळ चालले आहे असे वाटते.

१६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेचे माजी अध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव स्वतःचे विमान चालवत होते. सोबत पत्नी आणि मेहुणी. समुद्रावर धूसर, काळोखी हवा होती. विमान कोसळले, तिघेही गेले. चौकशीत विमानात बिघाड आढळला नाही, वैमानिकाच्या शरीरात मद्यही आढळले नाही. दिशा व तोल यांचा भ्रम हेच कारण ठरले. इच्छाशक्तीने हा भ्रम जात नाही. केवळ उपकरणे पाहून उडण्याचे शिक्षण घेतले नसेल, तर तशा हवेत जाऊ नये.

न दिसणारे विष

एक इंजिनाच्या बऱ्याच विमानांत थंडीसाठी हीटर असतो. इंजिनाचा धूर नेणाऱ्या तापलेल्या नळीभोवतीची हवा तो आत घेतो. नळीला चीर पडली तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. २१ जानेवारी २०१९ रोजी फुटबॉलपटू एमिलियानो साला ज्या लहान विमानात होता, ते इंग्लिश खाडीत पडले. त्याच्या रक्तातले ५८ टक्के हिमोग्लोबिन या वायूने व्यापले होते. वैमानिकालाही त्याची बाधा झाली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. डोके दुखू लागले, मळमळले, सुस्ती आली, तर हीटर बंद करावा, बाहेरची हवा आत घ्यावी आणि जवळच्या धावपट्टीवर उतरावे. हा वायू ओळखणारे यंत्र विमानात ठेवलेच पाहिजे.

निघण्यापूर्वीचे सहा प्रश्न

वैमानिकांना शिकवली जाणारी ही यादी मला फार आवडते:

१. आज सर्दी, ताप, जुलाब, कसलाही आजार आहे का?
२. कोणते औषध घेतले आहे? सर्दी-खोकल्याच्या अनेक साध्या गोळ्यांनी गुंगी येते. दुकानातून आणलेली गोळीही औषधच.
३. मनावर ताण आहे का? घरात भांडण, कर्ज, कोणाचे निधन?
४. मद्य घेतले आहे का? भारतात उड्डाणापूर्वीचे १२ तास मद्य वर्ज्य आहे. १२ तासांनंतरही डोके जड असेल तर थांबावे.
५. झोप पुरी झाली का?
६. पोटात अन्न-पाणी आहे का? आपल्याकडच्या उन्हात काचेखालची जागा भट्टीसारखी तापते. तहान लागेपर्यंत वाट पाहू नये.

यात आणखी एका गोष्टीची भर घालतो. तारकर्लीसारख्या ठिकाणी हवेची टाकी लावून समुद्रात डुबी मारली असेल, तर निदान २४ तास उडू नये. रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे उंचीवर बुडबुडे होऊ शकतात. रक्तदानानंतर किती थांबायचे, तेही वैद्यकीय परीक्षकाला विचारून घ्यावे.

सहांपैकी एकाही उत्तराबद्दल शंका आली, तर विमान जमिनीवरच राहू द्यावे. घरच्यांनाही माझे सांगणे आहे. विमानात शेजारी बसणाऱ्याने हे प्रश्न मोठ्याने विचारावेत. त्यात अपमान कसला? उशीर झाला, पाहुणे वाट पाहताहेत, पैसे भरलेत, ही कारणे शरीराला कळत नाहीत.

आणि ज्यांना विमानाशी काही कर्तव्य नाही, त्यांनी ही यादी कापून मोटारीत किंवा जीपमध्ये लावावी. खोकल्याचे औषध घेऊन रात्री घाट उतरणाऱ्यालाही ती तितकीच लागू आहे.