जिरायती रानासाठी द्विदल चारा

माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या तालुक्यांत वर्षाचा सरासरी पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि तोही सलग पडत नाही. मृगात एक-दोन सरी, मग लांब उघडीप आणि शेवटी उत्तरा-हस्ताच्या पावसावर रब्बीची आशा. या भागात खिल्लार गाय, माडग्याळ मेंढी किंवा उस्मानाबादी शेळी वर्षातले बरेच महिने ज्वारीच्या कडब्यावर, बाजरीच्या सरमाडावर आणि माळावरच्या वाळक्या कुसळीवर काढते. विहिरीला पाणी असेल तोवर लसूण घासाचा वाफा हिरवा राहतो. माघ-फाल्गुनात विहीर तळाला गेली की घास जातो आणि त्याबरोबर दावणीतली प्रथिनेही जातात. म्हणून फक्त पावसाच्या पाण्यावर येणारी, ओलिताच्या घासाची जागा काही अंशी घेणारी द्विदल चारापिके या भागाला हवी आहेत. त्यांच्या पेरणीचा काळ मृग ते पुनर्वसू असून बियाण्याची तयारी मे महिन्यातच सुरू व्हायला हवी.

कडब्याला जोड कशासाठी

वाळलेल्या कडब्यात प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के असतात. जनावराच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव चारा पचवतात आणि त्यांच्या वाढीसाठी आहारात निदान ७ टक्के प्रथिने लागतात. त्याखाली प्रमाण गेले की चारा पोटात सावकाश पचतो, जनावर कमी खाते आणि वैरण समोर असूनही अंग धरत नाही.

सुमारे ३०० किलो वजनाच्या भाकड गाईचा हिशोब पाहावा. दिवसाला ६ किलो कडबा खाल्ला तर ४ टक्क्यांच्या हिशोबाने २४० ग्रॅम प्रथिने मिळतात. त्यातला २ किलो कडबा काढून स्टायलो या द्विदल पिकाचा १४ टक्के प्रथिनांचा २ किलो वाळलेला चारा घातला, तर तेवढ्याच वैरणीतून ४४० ग्रॅम प्रथिने मिळतात आणि प्रमाण ७ टक्क्यांच्या वर जाते. दिवाळीपासून मृगापर्यंतचे ७ महिने धरले तर एका गाईसाठी अंदाजे ४२० किलो वाळलेला द्विदल चारा पुरतो. दुभत्या व गाभण जनावराची गरज याहून जास्त असते.

जमिनीप्रमाणे पीक

या भागातल्या शेतकऱ्याला द्विदल चारा नवा नाही. हुलगा आणि मटकीचे भुसकट दावणीत पिढ्यान्‌पिढ्या पडते आहे. पाऊस लांबला तरी हलक्या रानात हुलगा साधतो, हा अनुभव जुनाच आहे. मात्र ही हंगामी पिके दरवर्षी पेरावी लागतात. त्यांच्या जोडीला एकदा लावून काही वर्षे टिकणारी पिके घेतली, तर मशागतीचा व बियाण्याचा खर्च विभागला जातो.

मुरमाड, उथळ माळासाठी स्टायलो सर्वांत योग्य. हमाटा हा बुटका, पसरणारा प्रकार चराईला चांगला. स्कॅब्रा उंच, झुडपी आणि खोल मुळांचा असल्याने कोरड जास्त सोसतो. कमी पावसाच्याच अनंतपूर भागात, आंध्र प्रदेशात, स्टायलोचे बियाणे मोठ्या प्रमाणावर पिकते. त्यावरून या पिकाला कोणते हवामान मानवते ते कळते. पाणी साचणाऱ्या जागी मात्र ते टिकत नाही.

मध्यम जमिनीत दशरथ घास घ्यावा. तो कापणीचे पीक आहे. सोटमूळ खोल जाते, कापल्यावर खोडातून पुन्हा फूट येते आणि पाला शेळ्या-मेंढ्या आवडीने खातात. भारी काळ्या रानासाठी गोकर्ण उपयोगी. कुंपणावर निळी फुले घेऊन चढणारा हा वेल काळ्या मातीत चांगला वाढतो आणि मारवेल किंवा अंजन गवताबरोबर कुरणात बसतो.

पहिल्याच हंगामात चारा हवा असेल तर चवळी पेरावी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा श्वेता हा चवळीचा चाऱ्याचाच वाण आहे. चारा ज्वारीच्या दोन ओळींनंतर चवळीची एक ओळ धरल्यास साधारण दोन महिन्यांत, फुलोऱ्याच्या सुमारास, मिश्र वैरण कापणीला येते.

बांधासाठी शेवरी आणि सुबाभूळ. शेवरी शेळीपालकांच्या ओळखीची आहे. सुबाभळीचा प्रसार १९७० च्या दशकात उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने केला. तिच्या पाल्यात प्रथिने २० टक्क्यांहून अधिक असतात.

बियाणे जागे करणे

स्टायलो, दशरथ घास, गोकर्ण आणि सुबाभूळ यांच्या बियांचे कवच टणक असते. पाणी आत शिरत नाही, म्हणून पेरलेले बी महिनोन्‌महिने मातीत तसेच पडून राहते. बी निकृष्ट निघाले म्हणून शेतकरी हळहळतो; प्रत्यक्षात बी जिवंत असते, पण झोपलेले असते.

स्टायलो व दशरथ घासाच्या बियाण्यावर ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याची प्रक्रिया करावी. तापमापक नसेल तर तीन भांडी उकळते पाणी आणि तेवढेच एक भांडे साधे पाणी एकत्र केले की तापमान जवळपास तेवढे येते. बियांची सैल पुरचुंडी सुती फडक्यात बांधून त्या पाण्यात ४ मिनिटे बुडवावी आणि लगेच थंड पाण्यात रात्रभर ठेवावी. सकाळी पाणी प्यालेले बी फुगून टपोरे दिसते. न फुगलेले बी जास्त असेल तर तेवढ्यावर प्रक्रिया पुन्हा करावी. उकळत्या पाण्यात बी थेट टाकून शिजवू नये.

मोठ्या पेरणीआधी १०० बिया मोजून ओल्या गोणपाटात आठ दिवस ठेवाव्यात आणि मोड मोजावेत. निम्म्याहून कमी उगवले तर बियाणे वाढवावे.

प्रक्रिया केलेल्या बियांना गुळाच्या थंड पाण्यात कालवलेले चवळी गटाचे रायझोबियम चोळावे. २५० ग्रॅमचे पाकीट १० किलो बियाण्याला पुरते. दशरथ घास व सुबाभळीसाठी त्या त्या पिकाचे जिवाणू मिळाल्यास तेच वापरावेत. बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. प्रक्रिया केलेले बी कोरड्या मातीत पडले तर मोड येताच मरते, म्हणून धूळपेरणी करू नये.

पेरणी

एकूण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल उतरली आणि वाफसा आला की पेरणी करावी. बारीक बियांचे रान भुसभुशीत, पण वरून दाबलेले हवे. कुळवानंतर हलकी फळी फिरवावी.

स्टायलोचे बी ओळीत पेरल्यास एकरी ३ ते ४ किलो, दशरथ घासाचे ८ किलो, गोकर्णाचे ८ ते १० किलो आणि सलग चवळीचे १६ किलो लागते. दोन ओळींत स्टायलोसाठी ३० व दशरथ घासासाठी ५० सेंटिमीटर अंतर ठेवावे. स्टायलो व दशरथ घासाचे बी चौपट चाळलेल्या मातीत मिसळून उथळ काकरीत सोडावे. एक सेंटिमीटरहून जास्त माती वर आली तर कोंब पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही. काकरी मातीने बुजवण्याऐवजी काटेरी फांदी ओढणे पुरते.

नत्राचा मोठा हप्ता द्यायची गरज नाही. द्विदल पीक हवेतला नत्र स्वतः घेते. त्याला हवा असतो तो स्फुरद. पेरणीबरोबर एकरी दोन गोण्या, म्हणजे १०० किलो, सिंगल सुपर फॉस्फेट द्यावे. ४० ते ४५ दिवसांनी एखादे रोप मातीसकट अलगद उपटून मुळांवरच्या गाठी नखाने फोडून पाहाव्यात. आतला रंग गुलाबी-लाल असेल तर गाठी काम करत आहेत. गाठी नसतील किंवा आतून पांढुरक्या असतील तर पुढच्या पेरणीत जिवाणूंची प्रक्रिया अधिक काळजीने करावी.

पहिले वर्ष राखणीचे

बहुवर्षीय द्विदल पिकांचे अपयश बहुतेक वेळा पहिल्याच पावसाळ्यात ठरते. दीड-दोन महिने रोप वर वाढताना दिसत नाही, कारण त्याची ताकद मुळात जात असते. या काळात तणाने ते झाकले किंवा शेळीने खुडले तर पुढचे सगळे संपते. म्हणून २० ते २५ दिवसांनी आणि पुन्हा ४५ दिवसांनी खुरपणी करावी आणि रान राखावे. गवतासोबत लावले असेल तर गवत वेळीच कापून द्विदलाला ऊन मिळू द्यावे.

स्टायलोची पहिल्या वर्षी फुलोऱ्यात एकच कापणी घ्यावी आणि १० ते १५ सेंटिमीटर खुंट ठेवावेत. नंतर आलेल्या फुलांचे बी रानातच गळू द्यावे. पुढच्या पावसाळ्यात उगवणारी नवी रोपे हीच कुरणाची खरी पेरणी असते. करपा हा या पिकाचा प्रमुख रोग. पानांवर ठिपके पडून पाने गळू लागली तर तेवढा पट्टा लगेच कापून घ्यावा.

दशरथ घासाची पहिली कापणी सुमारे तीन महिन्यांनी घ्यावी आणि जमिनीपासून ५० सेंटिमीटर वर कापावे. पुढच्या कापण्या फुटव्याकडे व ओलीकडे पाहून ठरवाव्यात. दुसऱ्या वर्षापासून स्टायलोच्या कुरणाचे तीन-चार भाग करून आळीपाळीने चराई करावी. एक भाग चरत असताना बाकीचे विसावा घेतात.

चारताना घ्यायची काळजी

कोणताही द्विदल चारा आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावा आणि कडब्यात मिसळून द्यावा. ओला लसूण घास उपाशी जनावराने भरपूर खाल्ला तर पोटफुगी होते. स्टायलोत हा धोका नाही. मिश्र पिकातली ज्वारी कोवळी असताना, विशेषतः पावसाने ताण दिलेली, चारू नये. किराळ लागून, म्हणजे विषबाधा होऊन, जनावर काही वेळात दगावते.

सुबाभळीत मिमोसिन हे विषारी द्रव्य असते. तिचा पाला एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाहून जास्त झाला तर केस झडतात आणि गलग्रंथी वाढते. घोड्याला तो देऊ नये. शेंगा पक्व होण्याआधी फांद्या छाटाव्यात, नाहीतर बी पसरून शेजारच्या रानात तण माजते.

वाळवण आणि साठवण

द्विदल चाऱ्याची प्रथिने मुख्यतः पानांत असतात आणि वाळताना पानेच आधी गळतात. म्हणून फुले दिसू लागताच कापून चारा पातळ पसरावा आणि दव असताना, सकाळीच उलथावा. भर उन्हात हलवला तर पाने रानात राहतात आणि हाती काड्या येतात. काडी वाकवल्यावर कट्‌कन मोडली की चारा साठवणीला तयार झाला. कडब्याचा एक थर आणि द्विदल चाऱ्याचा एक थर अशी गंजी रचली, तर गळालेला पाला कडब्यात अडकतो आणि उन्हाळ्यात दोन्ही एकत्रच दावणीत जातात.

पुढच्या वर्षाच्या बियाण्यासाठी स्टायलोचा एक कोपरा न कापता राखावा. पिकलेल्या शेंगा जमिनीवर गळतात. झाडे कापून घेतल्यावर ते बी झाडूने गोळा करावे, चाळावे आणि उन्हात वाळवून कोरड्या जागी ठेवावे. या बियाण्यालाही पेरणीआधी गरम पाण्याची प्रक्रिया लागतेच.