तांबट किती?

२०२० पासून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. त्या फेरीत तुमच्या यादीत तांबट आला नसेल, तर मार्चमध्ये पुन्हा जा. बीडच्या कंकालेश्वर परिसरात किंवा आपल्या गावच्या बागेत, जेथे वड-पिंपळ असेल तेथे पाच-सहा जण शिक्षकांबरोबर थांबा.

भांडे ठोकल्यासारखा 'टुक्‌ टुक्‌' आवाज येईल, मिनिटाला शंभराहून अधिक वेळा! पक्षी चिमणीहून किंचित मोठा, हिरवा. कपाळ व छाती लाल. पानांत तो चटकन दिसत नाही. शिवाय ओरडताना तो मान वळवतो. त्यामुळे आवाज कधी डावीकडून, कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो आणि वहीत एकाचे दोन होतात.

येथे गटाचा उपयोग होतो. दोघांनी वीस पावलांच्या अंतराने उभे राहून, डोळे मिटून एकाच वेळी आवाजाकडे हात करावा. दोन्ही रेषा कोठे छेदतात ते तिसऱ्याने पाहावे. चार-पाच वेळा त्याच फांदीवर छेदल्या, तर बहुधा तांबट एकच. दोन आवाज एकदम, निरनिराळ्या लयीत आले तर मात्र दोन.

नोव्हेंबरमध्ये शून्य आणि मार्चमध्ये तीन, म्हणून तांबट वाढले असे लिहू नका. थंडीत तो फारसा बोलत नाही. विणीच्या काळात बोलतो. म्हणून मार्चची तुलना पुढच्या वर्षीच्या मार्चशीच करा, तीही त्याच वेळेला, त्याच झाडाखाली.