परळ गाव : इतिहास आणि लोकवस्ती

‘आपले गाव’ हा पाठ शिकविताना गावाची देवस्थाने, विहिरी, बाजार आणि शेवटी लोकसंख्येचा आकडा फळ्यावर लिहिला जातो. मुले तो मुखोद्गत करतात. परंतु हा आकडा का वाढला अथवा का घटला, आणि आलेली माणसे आली कोठून, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वास्तविक हा प्रश्नच पाठाचा प्राण होय. तो कसा उलगडावा हे दाखविण्यासाठी येथे मुंबईतील परळ गावाचे उदाहरण घेतले आहे. कोकणातील शाळांना ते परके नाही. पिढ्यान्‌पिढ्या कोकणातील घरटी एखादा माणूस याच वस्तीत पोटासाठी जात आला.

१. मूळचे गाव

मुंबई हा मूळचा सात बेटांचा समूह होता. त्यांपैकी परळ या बेटावर परळ, शिवडी, नायगाव, माटुंगा, शीव इत्यादी वस्त्या होत्या. भातखाचरे, ताडामाडांच्या वाड्या, मिठागरे व मासेमारी यांवर लोकांचा निर्वाह चाले. गिरगाव, माझगाव, नायगाव या नावांत ‘गाव’ हा शब्द आजही टिकून आहे. परळमध्येही एका भागास ‘परळ गाव’ म्हणतात.

हे गाव किती प्राचीन, याचा पुरावा १९३१ मध्ये अनपेक्षितपणे हाती आला. रस्त्याचे काम चालू असता जमिनीत सुमारे साडेतीन मीटर उंचीचे एक अखंड शिल्प सापडले. त्यात शिवाच्या सात आकृती कोरलेल्या आहेत. हे शिल्प पाचव्या-सहाव्या शतकातील असावे, असे अभ्यासक मानतात. आज ते परळच्या बारादेवी मंदिरात आहे.

१५३४ मध्ये ही बेटे पोर्तुगिजांकडे गेली. १६६१ च्या विवाह-करारान्वये ती इंग्लंडच्या राजास देण्याचे ठरले आणि १६६८ मध्ये राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीस वार्षिक दहा पौंड भाड्याने दिली. परळ येथील ख्रिस्ती धर्मगुरूंचा मठ अठराव्या शतकाच्या आरंभी कंपनीने जप्त केला. पुढे हीच वास्तू गव्हर्नरांचे निवासस्थान झाली.

२. बेट जोडले, गाव बदलले

गव्हर्नर हॉर्नबी यांच्या कारकिर्दीत, १७८४ च्या सुमारास, महालक्ष्मी-वरळी यांमधील खाडीला बांध घालण्यात आला. भरतीचे पाणी आत येणे थांबले आणि पाणथळ जमीन हळूहळू वापरात आली. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी कापडगिरणीची कंपनी स्थापिली व १८५६ मध्ये ताडदेव येथे तिचे उत्पादन सुरू झाले. त्यानंतर लालबाग, परळ, वरळी, नायगाव या भागांत गिरण्या उभ्या राहत गेल्या. येथे मोकळी जागा होती, आगगाडी जवळ होती, बंदरही दूर नव्हते. जेथे भाताची आवणे होती, तेथे धुराडी दिसू लागली. या सर्व भागास लोकांनीच ‘गिरणगाव’ हे नाव दिले.

३. आकडे काय सांगतात

आता मुंबई शहराच्या लोकसंख्येचे आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहावेत :

१८६४ — ८,१६,५६२
१८७२ — ६,४४,४०५
१८९१ — ८,२१,७६४
१९०१ — ७,७६,००६
१९२१ — ११,७५,९१४

यात दोन ठिकाणी आकडा घसरला आहे. मुलांना कारणे शोधू द्यावीत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) मुंबईच्या कापसास विलक्षण भाव आला व माणसांची रीघ लागली. युद्ध संपताच व्यापार कोसळला आणि १८६४ ते १८७२ या काळात सुमारे १ लाख ७२ हजार माणसे कमी झाली. दुसरी घट प्लेगची. १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. सहस्रावधी लोक मेले, त्याहून अधिक शहर सोडून गेले. गव्हर्नरांनी त्यापूर्वीच सोडलेल्या परळच्या वाड्यात १८९९ मध्ये डॉ. हाफकिन यांची प्लेगवरील लसीची प्रयोगशाळा आली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

४. आकड्यात न दिसणारी माणसे

यापुढील आकडा अधिक बोलका आहे. १९२१ मध्ये मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम सव्वापाचशे होत्या. त्याच काळी रत्नागिरी जिल्ह्यात स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक होती. दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे एकच कुटुंब दोन ठिकाणी विभागलेले दिसते. पुरुष गिरणीत, स्त्री, मुले व वृद्ध गावी.

एकेका गावचे लोक मिळून एक खोली भाड्याने घेत. दिवसपाळीचे कामगार परतले की रात्रपाळीचे निघत, आणि तीच जागा दुसऱ्याच्या निजण्यास येई. जेवण खानावळीत. १८८० पासून टपालखात्याची मनीऑर्डर सुरू झाली आणि पगारातील वाटा गावी जाऊ लागला. शेतीची लावणी, मुलांच्या पाट्या, सावकाराचे व्याज हे सर्व त्यावर चाले. १९२० नंतर सरकारने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड येथे एकंदर २०७ बी. डी. डी. चाळी बांधल्या. एका खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट. कोकणातील कित्येक घरांचा आधार या एवढ्याशा जागेत होता.

५. वस्ती ओसरते

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर अनेक गिरण्या पूर्ववत चालू झाल्याच नाहीत. अनेक कामगार गावी परतले. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर कार्यालये, दुकाने व उंच इमारती उभ्या राहिल्या. २००१ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३,३८,०३१ होती. २०११ मध्ये ती ३०,८५,४११ झाली. परंतु त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्याही १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. म्हणजे शहरातून निघालेला प्रत्येक माणूस गावी परतला, असे समजणे चुकीचे ठरेल. काम जेथे गेले, तेथे माणूस गेला.

यावरून विद्यार्थ्यांच्या मनावर एक गोष्ट ठसावी : कोणत्याही गावाची लोकसंख्या ही केवळ त्या गावापुरती गोष्ट नसते. परळची वाढ कोकणातील रिकाम्या ओसऱ्यांवाचून समजत नाही, आणि कोकणातील गावांचा इतिहास परळवाचून पुरा होत नाही.

स्वाध्याय

(१) वरील आकड्यांचा स्तंभालेख काढा व प्रत्येक घटीचे कारण लिहा.
(२) आपल्या गावातील पाच घरांची गणना करा. ‘घरी राहणारे’ व ‘कामासाठी बाहेरगावी असलेले’ असे दोन रकाने ठेवा.
(३) गावातील वृद्ध मंडळींस विचारा : मुंबईस जाणारा गावचा माणूस कोणत्या भागात उतरत असे? का?

शिक्षकांस सूचना : दुसरा प्रश्न करून घेताना नावे लिहवू नयेत. ज्या घरचे माणूस गेले ते परतलेच नाही, अशीही मुले वर्गात असू शकतात. त्यांना आकड्यामागील माणूस आधीच ठाऊक असतो.