आईला परदेशी बोलावणे

आपल्या पिंपळवंडीसारख्या गावांतली पोरे आता शिकून दूरदेशी जातात. समजा, एका आईचा मुलगा अमेरिकेत आहे. तो फोनवर म्हणतो, "आई, आता तू इकडंच ये. मी कागद करतो." आई विचारते, "म्हंजे काय रं?" आज आपण तेच समजून घेऊ.

कागद करणे म्हणजे आईची हमी घेणे. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे आईबापांसाठी अर्ज करणारा मुलगा किंवा मुलगी तिथली नागरिक असावी लागते. वय 21 वर्षे पुरे असावे लागते. नुसते ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, असून भागत नाही. आईबाप दरसाल किती यावेत, याला तिथे मर्यादा नाही. भावाबहिणींना मात्र मर्यादा आहे. म्हणून भारतातल्या भावाला पंधरा वर्षांहून जास्त थांबावे लागते.

मुलाला आपली कमाई दाखवावी लागते. आईचा भार सरकारवर पडणार नाही, असे तो लिहून देतो. हे लिहिणे त्याला कायद्याने बांधते.

खरी अडचण इकडे येते. नाते कागदावर दाखवावे लागते. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव हवे. पण पुष्कळ पोरे घरीच जन्मली. काहींची नोंदच झाली नाही. कुठे आईचे माहेरचे नाव, तर कुठे सासरचे. म्हणून आधी ग्रामपंचायतीत नोंद शोधावी. नसेल तर नोंद नसल्याचा दाखला घ्यावा. त्याला शाळेचा दाखला आणि जाणत्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जोडावीत. पासपोर्टावरचे नाव इतर कागदांशी जुळवून पाहावे. शेवटी नेमलेल्या डॉक्टरकडे तपासणी होते आणि मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत होते.

"पैसे द्या, महिन्यात पाठवतो," असे कोणी म्हणाला, तर त्याला पैसे देऊ नका. या कामासाठी सातबारा कोणाच्या नावे करावा लागत नाही. न वाचता सही करू नका, अंगठा देऊ नका.

आणखी एक गोष्ट. हा परवाना तिकडे राहणाऱ्यासाठी असतो. आधी परवानगी न घेता वर्षाहून जास्त गावी राहिले, तर तो जाऊ शकतो. नुसते नातवंडांना भेटून यायचे असेल, तर पाहुण्याचा व्हिसा वेगळा असतो. कोणाचा जीव नातवंडांत, कोणाचा शेतात. तेव्हा जायचे की नाही, हे आधी आईला विचारावे. आईने कागद स्वतः वाचावा. मगच सही करावी.

प्रश्न
1. आईसाठी अर्ज कोण करू शकतो?
2. जन्माची नोंद नसेल तर काय करावे?
3. तुमच्या सर्व कागदांवर नाव एकच आहे का? काढून पाहा.